पूर्व शाखेचे पाणी

मी मूळची गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. लग्नानंतर ऑस्ट्रेलियात आले आणि गेली बरीच वर्षे त्या देशाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहरात, पाण्याच्या रासायनिक तपासणीचे काम करते. २०१७ सालच्या ऑक्टोबरात, मी तेव्हा ज्या कार्यालयात नोकरीला होते त्याने एका बंद पडलेल्या युरेनियम खाणीच्या परिसरातील पाण्याचे नमुने गोळा करण्याचे काम माझ्याकडे सोपवले. खाणीचे नाव रम जंगल. डार्विनच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बॅचलर या लहानशा गावाजवळ ती आहे आणि तिच्या आवारातूनच फिनिस नदीची पूर्व शाखा वाहते. पुढचे तीन पावसाळे मी त्या शाखेच्या काठाने हिंडले. पाणी कसे तपासायचे हे मला येत होते. ते पाणी कोणाचे आहे आणि त्याला बरे करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला तिथल्या एका वृद्ध स्त्रीने शिकवले. ते शिकणे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहून ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यांचे नाव मी देणार नाही. लिही, पण नाव घालू नकोस, असे त्यांनीच सांगितले आहे, कारण या जमिनीविषयी कोणी एकट्याने बोलायचे नसते असे त्या मानतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांत जाणत्या, वडीलधाऱ्या स्त्रीला ‘आंटी’ म्हणतात. आपण बाजारात भेटलेल्या कोणत्याही बाईला मावशी म्हणतो, तितके ते सैल संबोधन नाही; समाजाने मान दिल्यावरच ते लागते. मीही त्यांना आंटीच म्हणत आले. त्या कुंगराकान समाजाच्या. खाणीखालची जमीन कुंगराकान आणि वाराई या दोन समाजांची पूर्वापार भूमी आहे. कुंगराकान स्वतःला पेपरबार्कची माणसे म्हणवतात. पेपरबार्क हे पाणथळ जागी, ओढ्याच्या कडेला वाढणारे झाड. त्याची साल पांढुरकी, मऊ आणि जुन्या वहीच्या पानांसारखी थराथराने सुटणारी असते.

खाणीचा इतिहास मी कामाला लागण्यापूर्वी कागदपत्रांतून वाचला होता. १९४९ साली जॅक व्हाइट या स्थानिक माणसाला इथे हिरवे खनिज सापडले. सरकारने युरेनियम शोधणाऱ्यांसाठी बक्षीस लावलेलेच होते, त्याचे पंचवीस हजार पौंड त्याला मिळाले. ते दिवस शीतयुद्धाचे. १९५४ साली पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांच्या हस्ते इथल्या प्रक्रिया कारखान्याचे उद्घाटन झाले आणि निघालेले युरेनियम ब्रिटन व अमेरिका यांच्या संयुक्त खरेदी संस्थेकडे जाऊ लागले. १९७१मध्ये काम बंद पडेपर्यंत सुमारे साडेतीन हजार टन युरेनियम ऑक्साइड आणि वीस हजार टन तांब्याचा माल इथून निघाला. खाण सुरू करताना कुंगराकान आणि वाराई लोकांना कोणी विचारले नाही. ज्या देशाच्या घटनेत १९६७च्या सार्वमतापर्यंत आदिवासींना लोकसंख्येच्या मोजणीत धरायचे नाही असे कलम होते, तिथे १९५०च्या दशकात त्यांना कोण विचारणार होते?

कारखाना बंद झाला तेव्हा खड्डे तसेच सोडले, दगडमातीचे ढीग तसेच सोडले. आमच्या डिचोलीत त्या ढिगांना डंप म्हणतात आणि लहान मुलालाही तो शब्द ठाऊक असतो. डिचोलीचे डंप लोहखनिजाचे. पावसात त्यांची लाल माती शेतात उतरते, वाफे भरून जातात, झरी बुजतात. माझ्या वडिलांच्या भातशेतीचा एक कोपरा असाच गेला. रम जंगलच्या डंपांचे दुखणे मात्र निराळे आहे. तिथल्या दगडात पायराइट आहे, म्हणजे लोह आणि गंधक यांचे पिवळे, चमकदार खनिज. जमिनीच्या पोटात असते तोवर ते निरुपद्रवी असते. त्याला एकदा हवा आणि पाऊस लागला की गंधकाचे आम्ल तयार होऊ लागते, आणि ते आम्ल त्याच दगडातले तांबे, जस्त, मँगनीज विरघळवून ओढ्यात आणते. दर पावसाळ्यात हे नव्याने घडते. शिवाय खाण चालू असताना कारखान्यातले आम्लयुक्त सांडपाणीही पूर्व शाखेतच सोडले जात होते. ही शाखा सुमारे साडेआठ किलोमीटर पुढे जाऊन मुख्य फिनिस नदीला मिळते. त्या काळात संगमाच्या खालीही कित्येक किलोमीटरपर्यंत मासे मरत असत.

पहिल्या दिवशी मी सगळी तयारी करून गेले होते. धुतलेल्या बाटल्या, गाळण्या, आम्लाच्या कुप्या, पीएच (म्हणजे पाण्याचा आंबटपणा) आणि विद्युतवाहकता मोजण्याचे यंत्र, बर्फाच्या पेट्या. फाटकाशी आंटी त्यांच्या नातवाबरोबर उभ्या होत्या. बुटक्या, पांढरे केस आखूड कापलेले, पायात साध्या रबरी चपला. तिथल्या नियमांप्रमाणे मूळ मालकांपैकी कोणीतरी बरोबर असल्याशिवाय काही ठिकाणी जाता येत नसे, म्हणून त्या आल्या होत्या. निदान कार्यालयाने मला तसे सांगितले होते. मी त्यांना नमस्कार केला, गाडीतून पेटी काढली आणि ओढ्याकडे निघाले. त्यांनी मला थांबवले. मग काठावर उभ्या राहून, पाण्याच्या दिशेने तोंड करून, त्या मोठ्याने बोलू लागल्या. आवाज चढा होता, पण रागाचा नव्हता; दूरच्या शेतात काम करणाऱ्या माणसाला बांधावरून हाक घालावी तसा होता. आधी त्यांच्या भाषेतले शब्द आले, मग इंग्रजीत, बहुधा मला कळावे म्हणून. ही बाई लांबून आली आहे, हिला पाणी बघायचे आहे, हिच्या मनात वाईट नाही, हिला सांभाळा. मग त्यांनी मला वाकायला सांगितले आणि ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर घातले. ते पाणी त्यांनी खाणीच्या वरच्या अंगाहून, स्वच्छ भागातून, बाटलीत भरून आणले होते. नवख्या माणसाचा वास त्या भूमीतल्या पूर्वजांना ओळखीचा व्हावा, यासाठी त्या बाजूच्या अनेक समाजांत ही रीत आहे.

माझ्या अंगावर तेव्हा काटा आला, कारण हे मला अगदीच परके नव्हते. आमच्या गावात कोणत्याही कामाच्या आरंभी राखणदाराला गाऱ्हाणे घालतात. ‘बा देवा राखणदारा’ अशी सुरुवात करून, कोण आले आहे, कशासाठी आले आहे, त्याची चूकभूल पोटात घाल, असे सगळे मोठ्याने सांगायचे आणि बाकीच्यांनी ‘व्हय देवा’ म्हणायचे. मी हे आंटींना सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, तुमच्याकडच्या खाणवाल्यांनी खोदण्याआधी असे काही सांगितले होते का? मला उत्तर देता आले नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्या भूमीचे कितीतरी ज्ञान त्यांनी मला सांगितले नाही, सांगणार नव्हत्या, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही. काही जागा फक्त स्त्रियांच्या आहेत, काही फक्त पुरुषांच्या. कोणती कोणती हेही बाहेरच्याला सगळे कळत नाही.

दुसऱ्या फेरीत एक चूक उघड झाली आणि ती आमच्या बाजूची होती. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, म्हणून पाण्याचे नमुने आपोआप घेणारे एक यंत्र आमच्या कार्यालयाने माझ्या येण्याआधीच ओढ्याकाठी बसवले होते. पुरात ते वाहून जाऊ नये म्हणून त्याची पेटी दोन लोखंडी बोल्ट मारून एका जुन्या पेपरबार्कच्या खोडाला जखडली होती. परवानगीचे कागद सगळे होते. डार्विन आणि रम जंगल ज्या प्रांतात आहेत त्या नॉर्दर्न टेरिटरीत पवित्र स्थळांच्या रक्षणासाठी १९८९चा कायदा आहे, आणि असे काम करण्याआधी त्याखाली प्रमाणपत्र घेता येते. तेही आमच्याकडे होते. पण त्या झाडाविषयी कोणाला विचारावे, असे कोणाच्या मनातच आले नव्हते. आंटी खोडाजवळ गेल्या, बोल्टच्या भोवती फाटलेली साल बोटांनी हळूहळू सारखी करत बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी एवढेच विचारले की लोखंडी खांब रोवला असता तर यंत्राला चालले नसते का. चालले असते.

मी कार्यालयाला कळवले. खांबाचा खर्च किरकोळ होता, पण निर्णय व्हायला सात आठवडे लागले. यंत्र हलवले तर आधीच्या नोंदींशी तुलना बिघडेल, असा एक आक्षेप आला. एका झाडासाठी पद्धत बदलायची का, असा दुसरा. त्या सात आठवड्यांत मी आंटींना तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा माझ्याकडे सांगायला काही नव्हते. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. पुढे त्यांना ओळखू लागल्यावर माझ्या लक्षात आले की या विषयावर वाट पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, आणि सात आठवडे हा त्यांच्या हिशेबात काळच नव्हे. अखेर आम्ही खांब रोवून यंत्र दीड मीटर बाजूला नेले. बोल्ट काढले तेव्हा खोडात अंगठा जाईल एवढी दोन भोके राहिली होती.

ही वाट पाहणे किती जुने आहे हे मला त्यांच्याकडूनच कळले. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी जमीन हक्क कायदा झाला, आणि त्याखाली आंटींच्या आधीच्या पिढीने फिनिस नदीच्या जमिनीवर दावा लावला. न्यायमूर्ती टूही यांच्यापुढे त्याची सुनावणी झाली. आपली जमीन आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना परक्या भाषेत, परक्या रीतीने, कोणाचा कोण, कोणत्या जागेशी कोणाचे काय नाते, हे साक्षीत सांगावे लागले. १९८१च्या अहवालात न्यायमूर्तींनी कुंगराकान आणि वाराई यांना परंपरागत मालक मानले. खाण असलेला तुकडाही देण्याची शिफारस झाली, पण विषारी डंपांसकट पडून राहिलेला तो तुकडा प्रत्यक्षात त्यांना मिळाला नाही. आंटींनी मला विचारले होते, तुमच्याकडे आजारी मूल आईला देत नाहीत का? बरे झाल्यावरच देतात का? साक्ष देणाऱ्यांपैकी कोणाचे नाव त्या घेत नसत. गेलेल्या माणसाचे नाव उच्चारू नये अशी त्यांची रीत आहे. ‘ती म्हातारी’, ‘माझ्या आईचा भाऊ’, असेच त्या म्हणत.

१९८२ ते १९८६ या काळात खाणीची पहिली मोठी दुरुस्ती झाली. डंपांना उतार देऊन त्यांवर मातीचे थर चढवले, पाणी आत मुरू नये म्हणून चिकणमाती दाबली, खड्ड्यांतल्या पाण्यावर प्रक्रिया केली. त्या दुरुस्तीचे उद्दिष्ट आकड्यांत होते: नदीत जाणारे तांबे आणि जस्त प्रत्येकी सत्तर टक्क्यांनी कमी करायचे. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर ते काम वाईट नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मुख्य फिनिस नदीत मासे परत आले. परंतु वरचे आच्छादन कालांतराने झिजत गेले, मुळांनी आणि वाळवीने त्यात वाटा केल्या, आणि डंपांच्या पायथ्याशी पुन्हा आंबट पाणी पाझरू लागले. आंटींचे म्हणणे मात्र वेगळेच होते. सत्तर टक्के हा आकडा कोणी ठरवला? उरलेले तीस टक्के कोणी प्यायचे?

दुरुस्त केलेल्या डंपांवर आणखी एक गोष्ट फोफावली आहे, ती म्हणजे गांबा गवत. आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणलेले हे गवत माणसाच्या दुप्पट उंच वाढते आणि कोरड्या दिवसांत असे पेटते की मोठी झाडेही होरपळून मरतात. आंटींच्या समाजात कोरड्या महिन्यांच्या आरंभी, गवतात ओल असताना, हलकी आग लावून रान राखायची पद्धत आहे. गांब्यापुढे ती पद्धत लंगडी पडते. नमुने घ्यायला जाताना आम्ही त्या गवताच्या भिंतीमधून वाट काढत असू, आणि आंटी दर वेळी हाताला येतील तेवढी ठोंबे मुळासकट उपटत चालत. एका माणसाच्या उपटण्याने त्या रानाला काय होणार, असे मला वाटे. मग मीही उपटू लागले.

तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच पाऊस, सुमारे दीड हजार मिलिमीटर. आमच्या डिचोलीच्या निम्म्याच्या आसपास. त्याआधी महिना-दीड महिना आभाळ नुसते भरून येते, वीज चमकते, अंगाची लाही होते आणि पडत काहीच नाही. आमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा असतो तो पहिला लोंढा. कोरड्या महिन्यांत डंपांच्या पायथ्याशी पाणी आटून क्षार वर येतात, पांढरे, पोपटी, कुठे निळसर. कोवळ्या ऊन्हात ते साखरेच्या पाकासारखे चकाकतात. पहिल्या जोरदार पावसात हे सगळे क्षार एकदम विरघळून ओढ्यात येतात. वर्षभरातले सर्वांत विषारी पाणी ते.

२०१८च्या डिसेंबरात तो लोंढा आम्हाला नेमका गाठता आला. रात्रभर पाऊस झाला होता. पहाटे आंटींचा फोन आला, आणि आम्ही दोघी त्यांच्या नातवाला घेऊन निघालो. खाणीच्या वरच्या अंगाला ओढा चहाच्या रंगाचा, फेसाळ, पालापाचोळा घेऊन येणारा. तिथे बेडकांचा एवढा कल्ला होता की एकमेकींचे बोलणे ऐकू येत नव्हते. मी बाटल्या भरल्या. मग डंपांच्या खालच्या बाजूला आलो. तिथे पाणी काचेसारखे नितळ होते. मी यंत्राचा दांडा पाण्यात धरला. पीएचचा आकडा खाली खाली येत तीन आणि चारच्या मध्ये स्थिरावला. लिंबाच्या पातळ सरबताएवढे ते आंबट. दगडांवर हिरवट-निळा लेप होता. नातू म्हणाला, इथे बेडूक नाहीत. मी नोंदवहीत तापमान, पीएच, वाहकता लिहीत होते. तो बोलला तेव्हा मी थांबले, आणि खरोखरच काही ऐकू येत नव्हते. आंटींनी मला नोंदवहीकडे बोट दाखवून विचारले, हे कुठल्या रकान्यात लिहितेस?

असा रकाना नव्हता. त्या दिवसापासून मी नोंदवहीच्या समासात लिहायला लागले: बेडूक आहेत, नाहीत, मासे वर येतात, येत नाहीत, कोणते पक्षी. कार्यालयाच्या अहवालात हे जात नसे. पुढच्या वर्षी मी एक पुरवणी तक्ता करून जोडला आणि तो कोणी काढून टाकला नाही.

शिंपल्यांची गोष्ट मला विशेष सांगाविशी वाटते. फिनिस नदीत गोड्या पाण्यातले काळपट शिंपले असतात. त्यांच्या कवचात वर्षागणिक थर चढतो आणि त्या त्या वर्षी पाण्यात कोणते धातू किती होते याची खूण त्या थरात राहते. या नदीतल्या शिंपल्यांवर शास्त्रज्ञांनी असा अभ्यास केला आहे. मी आंटींना एका कवचाची कापलेली कड भिंगातून दाखवली. झाडाच्या खोडात वलये असावीत तशा बारीक रेषा होत्या. त्यांनी भिंग डोळ्याशी धरले, कवच उजेडाकडे फिरवले, पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, म्हणजे हिने सगळे लिहून ठेवले आहे. आमच्याकडे कोणी विचारत नव्हते तेव्हाही. त्यांच्या लहानपणी घरातल्या बायका कोणत्या डोहातले शिंपले खायचे आणि कोणत्या नाही हे चवीवरून ठरवत. एका वर्षी एका डोहाचे शिंपले तोंडात धरवेनात म्हणून सोडून दिले आणि त्या डोहाला परत कोणी गेले नाही, असे त्यांनी सांगितले. तो डोह कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. खुबे आणि तिसऱ्या खाऊन वाढलेल्या माझ्यासारखीला एक आवडते खाणे अशा रीतीने नाहीसे होणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

२००९ सालापासून केंद्र सरकार आणि नॉर्दर्न टेरिटरीचे सरकार यांनी मिळून नव्या दुरुस्तीची आखणी सुरू केली होती. या वेळी कुंगराकान आणि वाराई लोकांना बैठकांना बोलावले जाई, आणि मी आले तेव्हा त्या बैठका ऐन भरात होत्या. मी बहुतेकींना कोपऱ्यात बसून हजर राहिले. भिंतीवर नकाशे, टेबलावर बिस्किटे, आणि डंप कोठे हलवायचे, त्यांत चुनखडी किती मिसळायची, मुख्य खड्डा कशाने भरायचा, यावर तासन् तास चर्चा. आंटी बऱ्याचदा काही बोलत नसत. त्यांचा आग्रह एकाच गोष्टीचा होता, आणि तो त्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी मांडत: नदी तिच्या जुन्या वाटेने गेली पाहिजे. खाण खणताना पूर्व शाखा तिच्या पात्रातून उचलून चर खणून बाजूने वळवली होती, आणि ती आजही त्या चरातून वाहत होती. अभियंत्यांना चर सोयीचा होता. पाणी स्वच्छ झाल्याशी कारण, ते कुठून वाहते याला काय महत्त्व, असे एकाने सौम्यपणे विचारलेही.

आंटी उठल्या आणि नकाशापाशी गेल्या. त्यांनी बोट ठेवले ते खाणीच्या बऱ्याच वर, आणि तिथून खाली आणत एकेका जागेचे नाव घेऊ लागल्या. ती नावे मी इथे लिहीत नाही. एक वळण, एक खडक, एक डोह, पुन्हा वळण. मुख्य खड्ड्याशी आल्यावर त्यांनी बोट न उचलता आणखी दोन नावे घेतली आणि मगच पुढे गेल्या. ती दोन्ही ठिकाणे आता नाहीत. ती त्यांनी स्वतःही कधी पाहिलेली नव्हती. आईकडून मिळालेल्या क्रमात ती होती, म्हणून त्यांच्याजवळ होती. एका तरुण अभियंत्याने आदराने विचारले की ही दोन नावे नकाशावर नेमकी कुठे घालायची. आंटी म्हणाल्या की आत्ता घालू नका. त्यावरून पाणी जाऊ द्या, मग आम्ही येऊन बघू.

त्यानंतर काही क्षण कोणी बोलले नाही, आणि मग चर्चा चुनखडीवर परत गेली. परंतु २०१९च्या अखेरीस पर्यावरणीय परिणामांचा जो आराखडा लोकांसमोर ठेवला गेला, त्यात मुख्य खड्डा भरून पूर्व शाखा शक्य तितकी तिच्या मूळ मार्गाने नेण्याचे स्पष्टपणे लिहिले होते. तो परिच्छेद मी आंटींच्या ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवला. ‘शक्य तितकी’ हे शब्द त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. आनंद झाला का, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की कागदावर तर १९८१ सालीही होते.

२०२१ साली केंद्राने कामासाठी निधी दिला. मी तोवर ते कार्यालय सोडले होते, पण पाण्याच्या नमुन्यांसाठी मला अधूनमधून बोलावतात आणि मी जाते. काम लहान नाही: डंप उचलून नव्या जागी, अधिक नीट बांधलेल्या कोठारात न्यायचे, खड्डा भरायचा, गांबा मारायचा, देशी झाडांची रोपे लावायची. कोणती रोपे लावायची हे ठरवताना आंटींच्या कुटुंबातल्या स्त्रियांनी खाण्याच्या, औषधाच्या आणि सावलीच्या झाडांची वेगवेगळी नावे सांगितली. काही झाडे त्यांनी मुळीच न सांगितल्यामुळे यादीत नाहीत, कारण ती कुठे वाढतात हे बाहेर कळायला नको होते.

गेल्या खेपेस मी त्या पेपरबार्कपाशी थांबले. बोल्टच्या दोन भोकांपैकी एक साल वाढून पूर्ण मिटले होते. दुसऱ्यात अजून करंगळीचे टोक जाते. पाऊस नुकताच सुरू झाला होता. आंटींना आता गुडघ्यांमुळे चालवत नाही, त्यामुळे नातू बरोबर होता, आणि काठावर उभा राहून त्यानेच मोठ्याने हाक घातली. त्याचा आवाज सुरुवातीला जरा कापला. मग मी दोन्ही ठिकाणच्या बाटल्या भरल्या.

संध्याकाळी मी आंटींना फोन करून आकडे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, बेडूक? वरच्या अंगाला होते, मी म्हणाले, डंपांच्या खाली नव्हते, पण संगमाकडे, चराच्या अगदी शेवटाला, एक ओरडत होता असे नातवाला वाटले. तुला ऐकू आला का, त्यांनी विचारले. मला नाही आला, मी सांगितले. बरं, त्या म्हणाल्या, मग उद्या जाऊन परत ऐका.